प्लेटखालची फट

डबा उलटा करायचा, दोन्ही हातांत घट्ट धरून हलवायचा आणि कान लावायचा. आत खुळखुळलं तर स्क्रू सुटला. नाही खुळखुळलं तरी झाकण उघडून बघायचंच, कारण कधीकधी सुटलेला स्क्रू फोममध्ये रुतून गप्प बसतो. गेल्या वर्षी जानेवारीपासून मेपर्यंत मी हे इतक्या वेळा केलं, की अजूनही कुणी काड्यापेटी हलवली तरी माझा कान तिकडे जातो.

ऑफिसात हलवायचे आणि घरी आणूनही हलवायचे. घर म्हणजे आमच्या सरांचं घर, दिल्लीच्या द्वारकेतला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. सरांची मुलगी सातवीत होती, जन्मापासून दिल्लीत वाढलेली. अभ्यासाच्या टेबलावरून मान न वळवता ती विचारायची, "ताई, आज किती गिरले?"

काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "पडले म्हण गं."

"हां, तेच. पडले का?"

"एक," मी म्हणायचे.

"एक म्हणजे फेल. सॉरी, ताई."

ऑफिसात कुणी एवढं सरळ सांगत नसे.

हे स्क्रू कशाचे, ते आधी सांगायला हवं. स्की म्हणजे बर्फावरून घसरत जाण्यासाठी पायाला अडकवायची लांब पट्टी, साधारण माणसाच्या उंचीची. बूट तिच्यावर ज्यात अडकतो त्याला बाइंडिंग म्हणतात. बरेचदा ते वेगळं विकलं जातं. दुकानातला माणूस स्कीला भोकं पाडतो आणि बाइंडिंगची पुढची आणि मागची प्लेट स्क्रूनं बसवतो. पुढचे स्क्रू आखूड, मागचे लांब. सगळे एकाच छोट्या पिशवीतून येतात आणि सीझनच्या घाईत एकमेकांत मिसळतात. आखूड स्क्रूच्या जागी लांब गेला की त्याचं टोक स्कीच्या तळातून बाहेर येतं आणि स्की वाया जाते. म्हणून युरोपातल्या आमच्या क्लायंटला असं बाइंडिंग हवं होतं, ज्यात प्रत्येक स्क्रू कारखान्यातूनच आपापल्या भोकात बसून येईल. डबा कसाही आपटो, उलटा होवो, स्क्रूनं जागा सोडायची नाही. आणि बसवणाऱ्यानं वरून फिरवला की मात्र त्यानं मुकाट खाली स्कीत उतरायचं.

आमची कंपनी गुरुग्रामची, लहानशी, बाहेरच्या कंपन्यांसाठी डिझाइन करून देणारी. आमच्यातल्या कुणीच पायाला स्की बांधलेली नव्हती. मी तर फ्रीजबाहेर बर्फ पाहिला नव्हता. माझे वडील, अण्णा, गावात सांगायचे की पोरगी दिल्लीला बर्फावरच्या चपला बनवते. सुरुवातीला मी दुरुस्ती करायचे, मग सोडून दिलं. चपला हा शब्द तसा फारसा चुकीचाही नव्हता.

अण्णा मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायच्या मशीनवर काम करतात. आमच्या घरात सुरू होऊन न संपलेली शिक्षणं बरीच आहेत. भावानं बारावीनंतर एक वर्ष काढून सोडलं. चुलतबहिणीचं लग्न बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात लागलं. काकांनी आयटीआयचा शेवटचा पेपर दिलाच नाही, का ते अजून कुणाला माहीत नाही. कुणी अभ्यासात कच्चं होतं असं नाही. मध्येच काहीतरी यायचं आणि मग परत जायचं राहून जायचं. मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचले तेव्हा आनंदापेक्षा मला भीतीच जास्त वाटत होती, की आता माझ्यासाठी मध्ये काय येणार.

शेवटच्या सहामाहीत एखाद्या कंपनीत राहून प्रोजेक्ट करता येतो. कॉलेजातल्या आमच्या विभागप्रमुखांची कंपनी चालवणाऱ्या सरांशी ओळख होती. मुलीला दिल्लीला पाठवायला अण्णा तयार नव्हते. मग सरांनीच त्यांना फोन केला. सर मूळचे पुण्याचे, वीस-बावीस वर्षं दिल्लीत काढलेले. म्हणाले, "मुलगी आमच्या घरी राहील. आमच्या मुलीसारखी." त्या एका वाक्यावर अण्णांनी मला गाडीत बसवलं, आणि पुढचे सगळे महिने मी त्या वाक्यातच राहिले.

मला त्या घरात कधी कुणी वाईट वागवलं नाही, हे आधी लिहून ठेवते. मला वेगळी खोली दिली होती. तिच्यात दिवाण होता, हीटर होता, खिडकीबाहेर समोरच्या इमारतीचे एसी. सकाळी साडेआठला सरांच्या गाडीतून ऑफिस, संध्याकाळी त्याच गाडीतून घरी. डब्यात काकूंची पोळीभाजी. ऑफिसातून खाली चहाला गेले तर सर विचारायचे, कुठे होतीस गं, मी शोधत होतो. खोलीचं दार लावलं की काकू टकटक करून विचारायच्या, बरं आहे ना? पोट भरलं म्हटलं तर म्हणायच्या, "अच्छा, अर्धी तरी घे." मी अर्धी घ्यायचे. रागावणाऱ्या माणसाला नाही म्हणणं मला थोडंफार जमतं. काकूंना नाही म्हणणं जमत नव्हतं.

संक्रांतीला सर आम्हा सगळ्यांना पानिपतला घेऊन गेले. ते दर वर्षी जातात, दिल्लीतली बरीच मराठी घरं जातात. काला अंबला, तिथल्या युद्धस्मारकाशी, दाट धुकं होतं, माणसं शालीत गुंडाळलेली, हातात तिळगुळाच्या पुड्या. सर भेटेल त्याला माझी ओळख करून देत होते, ही आमची मुलगी, इंजिनियर आहे. मी अजून इंजिनियर नव्हते, पण प्रत्येक वेळी मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं. स्मारकासमोर उभं राहून सर मला म्हणाले, "बघ, कुठून कुठे आली होती आपली माणसं. अर्ध्यातून मागे फिरली नाहीत."

मला शाळेतला धडा आठवत होता. मागे फिरायचा रस्ताच उरला नव्हता त्यांना. पण तोंडात तिळगूळ होता, मी मान हलवली.

कामात मी पहिले काही आठवडे नुसती चाचपडत होते. स्क्रूला गोंदाचा थेंब लावून पाहिला, तो वाळून सुटला. भोकाखाली चिकट कागद लावला, तो फाटून त्याचे तुकडे प्लेटखाली अडकले. रबरी रिंग घातली, ती दोनदा हलवल्यावर ढिली झाली. सरांच्या मुलीनं मला ओळीनं नापास केलं.

एकदा सरांच्या गाडीच्या दाराच्या आतलं पॅनल सुटून लोंबायला लागलं. मेकॅनिकनं ते एका लहानशा प्लॅस्टिकच्या क्लिपनं दाबून पुन्हा बसवलं. क्लिप आत गेली आणि ओढून बाहेर येईना. माझ्या डोक्यात ती क्लिप बसली. असल्या क्लिपा करोल बागेत मिळतील असं सर म्हणाले आणि रविवारी मी विचारलं, मी जाऊन आणू का? काकूंनी विचारलं, "एकटी?" मुलगी म्हणाली, "जाने दो ना, आई, मेट्रो तर सीधी आहे." त्या घरातून मी एकटी बाहेर पडले ती पहिल्यांदा. मेट्रोत उभी राहूनच गेले, जागा असूनही. का ते सांगता येणार नाही.

गाडीच्या सुट्या भागांच्या गल्लीत एका दुकानदारानं विचारलं, गाडी कौन सी है. मी म्हटलं, गाडी नहीं है, क्लिप चाहिए.

"अच्छा," तो शेजारच्याकडे बघून म्हणाला, "पहले क्लिप लेंगी, फिर गाडी." मग त्यानं काउंटरवर दहा-बारा प्रकारच्या क्लिपा ओतल्या. त्यातली एक लाकडी फळीच्या भोकात दाबून दाखवली आणि पक्कडीनं ओढली. क्लिपचं डोकं तुटून आलं, दात आतच राहिले. तो खूश होता. म्हणाला, "एक बार लग गया तो टूटेगा, निकलेगा नहीं."

मीही खूश झाले. मला तेच तर हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं.

त्या क्लिपेवरून मी प्लेटच्या प्रत्येक भोकात प्लॅस्टिकची एक पातळ रिंग बसवली. रिंगला आतून तीन दात, स्क्रूच्या आट्यांत अडकणारे. पहिला नमुना थ्रीडी प्रिंट होऊन आला त्या संध्याकाळी मी घरी डबा उलटा केला. आवाज नाही. सरांच्या मुलीनं खुर्ची सोडून येऊन स्वतः हलवला, मग पलंगावर फेकला, मग झाकण उघडून बघितलं. "पास," ती म्हणाली आणि पुन्हा गणितं सोडवायला बसली.

ऑफिसात खरी स्की नव्हती. ती मागवायची असं दोनदा ठरलं आणि दोन्हीदा राहिलं. त्याऐवजी फर्निचर मार्केटमधून प्लायवूडच्या पट्ट्या कापून आणल्या होत्या. व्हिडिओ कॉलवर सरांनी त्या पट्टीवर प्लेट ठेवली, ड्रिलला बिट लावून स्क्रू एकामागून एक खाली घातले. प्लेट छान बसली. पलीकडची माणसं माना हलवत होती. सर कॅमेऱ्यात बघून इंग्रजीत म्हणाले की हे आमच्या घरच्या मुलीनं केलंय, आणि मला खांदा धरून पुढे ओढलं. माझे कान तापले. मला बरं वाटलं होतं, हेही खरं आहे.

एप्रिलच्या शेवटी कॉलेजच्या ग्रुपवर व्हायवाची, म्हणजे प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेची, तारीख आली. मे महिन्यातला एक दिवस. बाहेरून परीक्षक येणार, त्या दिवशी हजर राहायचं. चुकलं तर पुढची संधी हिवाळ्यात, आणि तोवर पदवी नाही. माझं एवढंच उरलं होतं. एक दिवस समोर उभं राहायचं आणि जे केलं ते सांगायचं.

सरांना सांगायला मला बरेच दिवस लागले. गाडीत वाक्य जुळवायचे, तोवर त्यांचा फोन वाजायचा. शेवटी एकदा द्वारकेच्या सिग्नलला बोलले. सर म्हणाले, "बिल्कुल जा. सॅम्पल रवाना झालं की जा. त्याच्या आधी कशी जाशील? ह्यातलं तुझ्याशिवाय माहीत कुणाला आहे?" ह्यात चूक काही नव्हतं. मी तिकीट काढलं. फरिदाबादला प्लेटचा साचा बनत होता, तो लांबला, मग आणखी लांबला. शेवटी सॅम्पल पॅक व्हायचा दिवस माझ्या गाडीच्या आदल्या दिवसावर येऊन टेकला. काकूंनी वाटेसाठी बेसनाचे लाडू केले. माझी बॅग दिवाणाखाली भरून ठेवलेली होती.

त्या दिवशी दुपारी माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा गावाहून परतला. तो उत्तराखंडचा, त्याच्या गावापासून थोड्या अंतरावर स्कीइंगचा उतार आहे. भावाच्या लग्नाला गेला होता, येताना बसच्या टपावर बांधून एक जुनी स्की घेऊन आला. एकच. भाड्यानं स्की देणाऱ्या दुकानात धूळ खात पडली होती म्हणे. इसकी जोडी कहाँ है, मी विचारलं.

"जोडी नाले में गई," तो म्हणाला. "चलानेवाला बच गया."

सॅम्पलचा डबा बंद झालेला होता, कुरियरवाला सकाळी येणार होता. पण साच्यातून आलेल्या एक-दोन जास्तीच्या प्लेटी माझ्याकडे होत्या. त्याला गावच्या दुकानदाराला फोटो पाठवायचा होता. म्हणून गंमत म्हणून आम्ही त्या स्कीला भोकं पाडली आणि पुढची प्लेट बसवली. वरून सुरेख दिसत होती. त्यानं फोटो काढला. कडेला लाकडाचा भुसा राहिला होता, तो झाडायला मी कागदाचा कोपरा प्लेटच्या बाजूनं फिरवला. कागद प्लेटखाली गेला. मी पुढे सरकवला, आणि तो पलीकडून बाहेर आला.

स्क्रू आणखी आवळले. प्लेट खाली येईना. आटे फिरत राहिले आणि फट तेवढीच राहिली. मला कळायला वेळ लागला नाही, कारण ते दात मीच बनवले होते. दातांनी स्क्रूला नटासारखं धरून ठेवलं होतं. स्क्रू वर प्लेटमध्ये आणि खाली स्कीत एकाच वेळी फिरत होता, त्यामुळे दोघांमधलं अंतर कमी व्हायचं कारणच नव्हतं. प्लायवूडवर हे दिसलं नाही, कारण प्लाय मऊ. आवळलं की त्यातले आटे फाटायचे आणि प्लेट खाली दबायची. स्कीत वरच्या थराखाली धातूचा पत्रा होता. त्यानं स्क्रूला लगेच पकडलं.

फट एवढीशीच होती. पण तिच्यावर माणूस उभा राहून डोंगरावरून खाली येणार होता.

तो उत्तराखंडचा मुलगा थोडा वेळ वाकून बघत राहिला. मग म्हणाला, वहाँ का मेकॅनिक समझ जाएगा. स्क्रू उलटा घुमाके फिर कसेगा. तू घर जा.

"और नहीं समझा तो?"

"तो नीचे बर्फ ही है," तो म्हणाला, पण हसला नाही. स्कीवरून प्लेट काढून त्यानं माझ्या हातात दिली. "मैंने कुछ देखा नहीं. तेरा एग्जाम है, तू देख."

त्याच्या मनात माझ्या भल्याशिवाय काही नव्हतं. मी जागेवर जाऊन बसले. मी गप्प राहिले तर सकाळी डबा जाणार, संध्याकाळी मी जाणार, आणि व्हायवा होणार. बोलले तर डबा थांबणार. डबा थांबला की मी कशी जाणार, हा प्रश्न माझ्यासाठी कुणी विचारायचीसुद्धा गरज नव्हती. त्याचं उत्तर सरांनी सिग्नलला देऊन झालं होतं.

संध्याकाळी रजोकरीजवळ गाड्या तुंबल्या. एसी चालू असूनही काचेतून ऊन भाजत होतं. कागदाची ती पट्टी माझ्या मुठीत होती, घामानं मऊ झालेली.

"सर, प्लेट बसत नाही."

"कुठली?"

"सॅम्पलची. खऱ्या स्कीवर लावून बघितली आज. खाली फट राहते."

"प्लायवर तर बसली होती."

मी प्लायचं सांगितलं, दातांचं सांगितलं. क्लिपेवरून उचललेली कल्पना चुकीची होती हेही सांगितलं. ती क्लिप कधी निघूच नये म्हणून बनवलेली आहे, आपल्या दातांनी मात्र शेवटी स्क्रूला सोडायला हवं. सर स्टिअरिंगवर बोट आपटत ऐकत होते. पुढची गाडी हातभर सरकली, आम्हीही सरकलो.

"तू उद्या जाणार आहेस ना?"

"हो."

"गावी पोचल्यावर फोन करून सांगितलं असतंस तरी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"तोवर डबा गेला असता, सर."

"हं."

मी वाट बघत होते की ते म्हणतील, बरं, तू जा, आम्ही बघतो. आता वाटतं, कदाचित तेही वाट बघत असतील, मी काय म्हणते त्याची. पण हे मला नक्की माहीत नाही. गाड्या सुटल्या. लिफ्टमध्ये सरांनी क्लायंटला फोन लावला आणि सांगितलं, थोडे दिवस लागतील. घरात शिरताना चपला काढत ते काकूंना म्हणाले, "हिचं उद्याचं जाणं रद्द झालं."

माझ्या तोंडून असं काही निघालं नव्हतं. पण मी 'नाही' असंही म्हटलं नाही. उभी राहिले.

"अगं, मग हे लाडू?" काकू म्हणाल्या.

"मी खाते ना," मुलगी म्हणाली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. "और ताईची एक्झाम?"

सर म्हणाले, मी बोलतो तिच्या कॉलेजशी. दुसऱ्या दिवशी ते खरोखर बोलले, माझ्यासमोर, बराच वेळ. पण परीक्षक एकाच दिवसासाठी येत होते. फोन ठेवून सर म्हणाले की डिसेंबरमध्ये होऊन जाईल, डिग्री कुठे पळून जात नाही. ते मनापासून म्हणत होते. ज्यांच्या घरी सगळ्यांकडे पदवी असते त्यांना ती पळताना दिसत नाही.

माझी गाडी निजामुद्दीनहून सुटली तेव्हा मी संगणकावर दात घासत होते, म्हणजे चित्रातले. शेजारच्या मुलानं माझ्यासमोर चहा ठेवला. दोन दिवसांनी ग्रुपवर फोटो यायला लागले. बांधलेले रिपोर्ट छातीशी धरलेली मुलं, साड्या नेसलेल्या मैत्रिणी. मी सगळ्यांना शाबासकीचा अंगठा पाठवला.

अण्णांना फोन केला. व्हायवा राहिला म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगताना मला पहिल्यांदा कळलं की त्यांच्या दृष्टीनं मी जानेवारीतच पास झाले होते.

"म्हंजे तू आणखी इंजिनेर नाहीस का?"

"नाही, अण्णा."

"मी तर पेढे वाटले की, माय. तू दिल्लीला गेलीस तवाच." मग म्हणाले, "आता परत मागू का काय लोकायला?"

ते स्वतःच हसले. मला हसता आलं नाही, तेव्हा म्हणाले, "बरं. काम नीट कर." पलीकडे जिनिंगचा भोंगा वाजला आणि त्यांनी फोन ठेवला.

दुरुस्ती शेवटी साधी निघाली. स्क्रूच्या डोक्याखालचा थोडा भाग आट्यांविना गुळगुळीत ठेवायचा, आणि रिंगमधले दात वर सरकवायचे. डब्यात असताना दात आट्यांत अडकलेले राहतात. स्क्रू जवळजवळ पूर्ण उतरला की दातांसमोर तो गुळगुळीत भाग येतो, त्यांना धरायला काही उरत नाही, आणि डोकं प्लेटला खाली ओढून घेतं. इतकं सोपं होतं, की आधी का सुचलं नाही असं कुणीही विचारावं. कुणी विचारलं नाही. साचा बदलायला मात्र जून संपला. मोडक्या स्कीवर नवी प्लेट बसवली आणि मी कागद सरकवून बघितला. तो कडेलाच दुमडला. मी पुन्हा लावला, पुन्हा दुमडला. शेजारचा मुलगा म्हणाला, "अब जा घर." पण आता घरी जाऊन करायचं काय होतं? सरांनी मला पुढच्या कामावर घेतलंही होतं, गाडीच्या टपावर सामान ठेवायच्या पेटीच्या.

डिसेंबरची तारीख आली तेव्हा मी आधी तिकीट काढलं. मग रात्री जेवताना, सगळे ताटावर असताना, सांगितलं की पुढच्या गुरुवारी माझी गाडी आहे. जाऊ का, असं विचारलं नाही. आवाज जरा मोठा निघाला, काकूंचा हात पोळीवर थांबला. त्या आठवड्यात टपावरच्या पेटीचं सॅम्पल जायचं होतं, ते सरांना माहीत होतं आणि मलाही.

"अच्छा," सर म्हणाले. घास गिळून पुन्हा म्हणाले, "अच्छा."

"लाडू करू का?" काकूंनी विचारलं.

"ह्या वेळी मी नाही खाणार," मुलगी म्हणाली.

एवढंच झालं. मी कितीदा तरी विचार करते, मे महिन्यात गाडीतच असं सांगितलं असतं तर? फट आहे, सर, आणि मी जाणार आहे. दोन्ही वाक्यं एकामागून एक. कदाचित तेव्हाही अच्छाच म्हणाले असते. कदाचित नसतेही. डबा तसाच जाऊ द्यायला हवा होता, असं मात्र मला अजून एकदाही वाटलेलं नाही.

व्हायवाला मी एक बाइंडिंग डब्यातून नेलं होतं. परीक्षकांनी विचारलं, स्की म्हणजे नेमकं काय. मी सांगितलं. डबा उलटा करून हलवून दाखवला. त्यांनी स्वतःही हलवला, आवाज आला नाही, ते हसले. आणखी एक-दोन प्रश्न विचारून त्यांनी सही केली आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

बाहेर अण्णा कडुनिंबाखाली उभे होते, अर्धी रजा टाकून आलेले, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांच्या हातातला चहा अजून संपला नव्हता.

"झालं?"

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच, अण्णा."

ते त्या दाराकडे बघत राहिले. "एवढ्याला सहा महिने," ते म्हणाले. माझ्याशी नाही, दाराशी. मग कप खाली ठेवून म्हणाले की आता पेढे नकोत, लोकं म्हणतील ही पोरगी कितीदा पास होते.

घरी जाताना त्यांनी विचारलं, परत कधी जायचं. परवा, मी म्हटलं. तिकीट येतानाच काढलेलं होतं. जायचंच का, असं त्यांनी एकदा विचारलं. सरांना येते म्हणून सांगितलंय, मी म्हणाले. सरांचं नाव निघालं की अण्णा बोलत नाहीत.

मी हे द्वारकेतल्या त्याच खोलीत बसून लिहिते आहे. पदवी हातात आली, तिची झेरॉक्स मी ऑफिसातल्या शेजारच्या मुलालाही दाखवली. ऑफिसजवळ गुरुग्राममध्ये मुलींसाठी एक खोली बघून ठेवली आहे. खिडकी रस्त्याकडे आहे, पायी जाता येईल. घरी सांगायचं वाक्यही तयार आहे, फार मोठं नाही. रोज रात्री ते घेऊनच मी जेवायला बसते. काकू गरम पोळी ताटात टाकतात आणि म्हणतात, अर्धी तरी घे, आणि मी ती घेते.